दवाखान्याचा उंबरठा आणि अखेरची इच्छा

इतिहास म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें गड, लढाया, तह आणि राज्यारोहणें उभीं राहतात. एखाद्या शहराच्या दवाखान्याचा इतिहास लिहावा असें आमच्या इतिहासकारांस क्वचितच सुचलें आहे. वस्तुतः समाजाची खरी परीक्षा जेथें होते अशीं जीं थोडीं स्थळें आहेत, त्यांत दवाखान्याचा उंबरठा हें एक होय. त्या उंबरठ्यावर दोन प्रश्न उभे असतात. आंत येण्याचा अधिकार कोणास, हा पहिला. आणि आंत गेलेल्या, पण बरें होण्याची आशा संपलेल्या माणसाच्या देहावर पुढें काय करावें व काय करूं नये हें कोणी ठरवावयाचें, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला आज आपण आरोग्यांतील समता म्हणतों. दुसऱ्याला अद्याप आपल्या भाषेंत सर्वमान्य असें नांवही मिळालेलें नाहीं. पहिला प्रश्न गरिबांचा आणि दुसरा शिकल्यासवरल्या लोकांचा, अशी त्यांची वांटणी आपण मनांतल्या मनांत करून टाकिली आहे. कोल्हापूरच्या व एकंदर महाराष्ट्राच्या गेल्या दीडशे वर्षांच्या वृत्तान्तावरून ही वांटणी खोटी ठरते, असें आम्हांस वाटतें. तें कसें, हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

कोल्हापुरांत आज ज्याला सारे ‘सीपीआर’ म्हणतात, तें छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय पूर्वी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल या नांवानें ओळखलें जाई. या रुग्णालयाच्या आरंभींच्या काळांतील एक गोष्ट महाराष्ट्रास ठाऊक असूनही तिचा अर्थ नीटसा लक्षांत घेतला गेला नाहीं. आनंदीबाई जोशी यांनीं ११ मार्च १८८६ रोजीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळविली. आणि कोल्हापूर संस्थानानें याच रुग्णालयाच्या स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. इमारत उभी होती, औषधें होतीं, डॉक्टरही होते. तथापि पुरुष डॉक्टरापुढें हात पुढें करण्यापेक्षां घरच्या अंधाऱ्या खोलींत मरण पत्करणाऱ्या स्त्रिया घरोघर होत्या. त्यांच्यापुरता तो दरवाजा उघडा असूनही बंदच होता. तो उघडावयाचा तर आंत एक स्त्री उभी असणें अवश्य होतें, हें संस्थानच्या चालकांनीं ओळखलें. आनंदीबाईंचा स्वतःचा पहिला मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला होता. त्या दुःखांतूनच त्यांचा वैद्यकाकडे ओढा वळला. दैवाची गति अशी कीं, क्षयानें जर्जर होऊन त्या स्वदेशीं परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. त्यांच्या वयास तेव्हां बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. कोल्हापूरची ती जागा त्यांस कधींच भूषवितां आली नाहीं. पुढें डॉक्टर कृष्णाबाई केळवकर यांच्यासारख्या स्त्रियांनीं या शहरांत तें काम हातीं घेतलें, आणि माजघरांतून दवाखान्यापर्यंतची वाट हळूहळू रुळूं लागली.

दुसरा प्रसंग प्लेगचा. १८९६ सालीं मुंबईस प्लेग उद्भवला आणि पुढच्या वर्षीं तो पुण्यास व इतरत्र पसरला. १८९७ च्या सांथीच्या रोगांच्या कायद्यानें सरकारास अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यास रँडसाहेबाच्या हुकमतीखालीं गोरे शिपाई घरांत शिरले, रोग्यांस इस्पितळांत व त्यांच्या आप्तांस छावण्यांत नेऊं लागले. याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं कसा झाला, हें शाळेंतल्या मुलांसही माहीत आहे. राजकीय इतिहास तेथें थांबतो. आरोग्याच्या इतिहासास मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट ही दिसते कीं, त्या काळीं लोकांस रोगापेक्षां इस्पितळाचें भय अधिक वाटूं लागलें. इस्पितळांत नेलेला माणूस परत येत नाहीं. त्याचें अखेरचें पाणी कोणाच्या हातचें होईल, त्याच्या देहाचें काय होईल, याचा कांहीं नेम नाहीं, अशी समजूत झाली आणि लोक रोगी लपवूं लागले. उपचार जबरीनें करावयास गेलें म्हणजे विश्वास मरतो, आणि विश्वास मेला कीं उपचारही मरतो.

त्याच वर्षीं, त्याच पुण्याजवळ, याच्या उलट प्रकारही घडला. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनीं हडपसरजवळ सासण्यांच्या मळ्यांत प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतील एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनीं स्वतःच्या पाठीवर घेऊन तेथें आणला. त्यांतच त्यांस संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. कोणत्याही कायद्यानें त्यांस तें काम सांगितलें नव्हतें. ज्या वस्तींत सरकारी माणूस दिसतांच दारें लागत, त्या वस्तींतल्या आईनें आपलें मूल या बाईच्या पाठीवर दिलें, एवढ्यांत सर्व कांहीं आलें.

तिसरी गोष्ट पुन्हा कोल्हापूरची. छत्रपति शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानें मागासलेल्या वर्गांसाठीं संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेविल्या, हें सर्वश्रुत आहे. १९१९ सालचा त्यांचा वैद्यकीय खात्याविषयींचा हुकूम तितका प्रसिद्ध नाहीं. दवाखान्यांत येणाऱ्या अस्पृश्य रोग्यांस इतरांप्रमाणेंच ममतेनें वागवावें. ज्या नोकरास हें मान्य नसेल त्यानें सहा आठवड्यांच्या आंत राजीनामा द्यावा, त्यास पेन्शन मिळणार नाहीं, असा त्याचा आशय होता. मिरजेच्या अमेरिकन मिशनच्या डॉक्टरांचें उदाहरण महाराजांनीं आपल्या अधिकाऱ्यांपुढें ठेविलें होतें. तें रुग्णालय डॉक्टर वॉनलेस यांनीं १८९४ सालीं उभारिलें, आणि तेथें कोणाही रोग्यास जात विचारून दूर ठेवीत नसत. शेजारच्या गांवीं परके लोक जें करितात तें आपल्या संस्थानांत आपल्याच माणसांसाठीं कां होऊं नये, असा महाराजांचा साधा प्रश्न होता.

तथापि हुकूम काढून महाराज स्वस्थ बसले नाहींत, हा यांतला खरा विशेष. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थास त्यांनीं भांडवल देऊन चहाचें दुकान काढून दिलें आणि तेथें गाडी थांबवून स्वतः चहा घेतला, ही हकीकत कोल्हापुरांत आजही सांगतात. हुकुमाच्या पाठीमागें हुकूम देणारा माणूस उभा राहिला, म्हणून तो लोकांच्या अंगवळणीं पडूं लागला. या तिन्ही प्रकरणांवरून एकच गोष्ट निष्पन्न होते. दरवाजा कायद्यानें उघडतो खरा. पण भ्यालेल्या, अपमानित झालेल्या किंवा अजाण माणसाचा हात धरून त्यास आंत नेणारें कोणी तरी असल्यावांचून तो आंत पाऊल टाकीत नाहीं.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळीं हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. वैद्यानें हात टेकले म्हणजे माणूस घरींच, आपल्या माणसांत, तोंडांत गंगोदक व तुळशीपत्र घेऊन जात असे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत वैद्यकाची मजल फार पुढें गेली. श्वास थांबला तर यंत्र श्वास देतें, अन्न गिळवत नसेल तर तें नळीनें पोटांत जातें, मूत्रपिंडाचें कामही यंत्राकडे सोंपवितां येतें. या विद्येनें असंख्य प्राण वांचविले, याबद्दल तिचें ऋण कोण अमान्य करील? परंतु बरें करण्याची शक्ति संपल्यावरही नुसतें लांबविण्याची शक्ति तिच्यापाशीं शिल्लक राहते, आणि येथेंच पेंच पडतो. कोल्हापूरकराच्या तोंडीं ‘सीपीआर’ म्हणजे गोरगरिबांचें रुग्णालय. डॉक्टरांच्या परिभाषेंत त्याच तीन अक्षरांचा अर्थ बंद पडलेलें हृदय छाती दाबून पुन्हा चालूं करण्याचा प्रयत्न असा आहे. एकाच शब्दांत आमचे दोन्ही प्रश्न येऊन बसावेत, हा योगायोग मोठा बोलका म्हटला पाहिजे.

आपला शेवट आपण ठरवावा ही कल्पना परदेशांतून आली, असें कित्येक समजतात. तें बरोबर नाहीं. आळंदीस ज्ञानेश्वरांनीं १२९६ सालीं समाधि घेतली. याच दक्षिण महाराष्ट्र व बेळगांवच्या सीमेवरील भूमींत जन्मलेले जैन आचार्य शांतिसागर यांनीं १९५५ सालीं कुंथलगिरीस सल्लेखना व्रतानें देह ठेविला. १९८२ च्या नोव्हेंबरांत पवनारास विनोबांनीं अन्न व औषध नाकारून शांतपणें निरोप घेतला. अर्थात् हीं उदाहरणें विरक्तांचीं आहेत आणि त्यांचा मार्ग धर्माचा आहे. संसारी माणसानें रुग्णालयांत कसें वागावें, याचा नियम त्यांतून निघत नाहीं. सल्लेखनेच्या बाबतींतही राजस्थानच्या उच्च न्यायालयानें २०१५ सालीं बंदी घातली व त्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें तिला स्थगिति दिली, हें वाचकांस स्मरत असेल. आमचा मुद्दा एवढाच कीं, केव्हां थांबावें याचा विचार या भूमीस नवा नाहीं. नवीं आहेत तीं यंत्रें आणि कागद.

तो कागद कसा आला, हें थोडक्यांत पाहूं. शिकागोचे वकील लुई कुटनर यांनीं १९६९ सालीं अशी कल्पना मांडिली कीं, मालमत्तेचें मृत्युपत्र असतें तसेंच आपल्या देहावरील उपचारांविषयींचेंही एक पत्र माणसास शुद्धींत असतांना करून ठेवितां यावें. आपल्याकडे मिनू मसानी यांनीं १९८१ च्या सुमारास मुंबईंत सन्मानानें मरण्याच्या हक्कासाठीं संस्था काढिली. परंतु या प्रश्नास लोकांच्या अंतःकरणापर्यंत जर कोणी पोंचविलें असेल, तर तें मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या दुर्दैवानें. नोव्हेंबर १९७३ मध्यें त्यांच्यावर घोर अत्याचार झाला. त्यानंतर चाळिसांहून अधिक वर्षें त्या जाणिवेच्या पलीकडे पडून राहिल्या. त्यांचें अन्न बंद करावें अशी विनंति लेखिका पिंकी विराणी यांनीं न्यायालयास केली, आणि ज्या परिचारिकांनीं इतकीं वर्षें त्यांस न्हाऊं-माखूं घालून जपलें त्यांनीं तिला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती विनंति फेटाळली. मात्र आशा संपलेल्या रोग्याचे निरर्थक उपचार ठराविक देखरेखीखालीं थांबवितां येतील, हें तत्त्व मान्य केलें. १८ मे २०१५ रोजीं अरुणाताईंस मृत्यूनें सोडविलें. दोन्ही पक्ष त्यांच्यावर प्रेम करणारे होते; पण स्वतः त्यांस काय हवें होतें, हें जाणण्याचें साधनच कोणापाशीं नव्हतें.

तें साधन ९ मार्च २०१८ च्या निकालानें मिळालें. सज्ञान व शुद्धींत असलेल्या कोणाही माणसानें, पुढें स्वतः सांगण्याची शक्ति न उरल्यास कोणते उपचार करावेत व कोणते करूं नयेत, हें लिहून ठेवावें आणि आपल्या वतीनें बोलणाऱ्या विश्वासू माणसाचें नांव त्यांत घालावें, असा हक्क सर्वोच्च न्यायालयानें मान्य केला. आरंभीं त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे, त्यामुळें तो हक्क बहुतेक कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानें ही अट निघाली. आतां दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर पत्र करितां येतें, मनांत येईल तेव्हां तें रद्द करितां येतें, आणि त्याची एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांनीं नेमलेल्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन ठेवितां येते. वेळ आल्यावर रुग्णालयांतील डॉक्टरांचें एक मंडळ व त्यावर दुसरें मंडळ, अशी दोनदां खात्री केल्यावांचून कोणताही उपचार थांबवितां येत नाहीं. औषध टोंचून प्राण घेण्यास या निकालानें मुळींच परवानगी दिलेली नाहीं. अशीं पत्रें सांभाळणारे अधिकारी गांवोगांवच्या स्थानिक संस्थांत नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉक्टर निखिल दातार यांनीं उच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि महाराष्ट्र सरकारला तशा नेमणुका कराव्या लागल्या. एका डॉक्टरानें आपली प्रॅक्टिस सांभाळून हें काम करावें, ही गोष्ट आम्हांस सावित्रीबाईंच्या परंपरेंतलीच वाटते.

येथवर वाचून कोणी विचारील कीं, हें सारें खरें, पण याचा गरिबाशीं संबंध काय? ज्याच्या घरीं चूल पेटत नाहीं, त्याला एकादशीचें माहात्म्य सांगण्यापैकींच हें नव्हे काय? ज्यास उपचारच मिळाले नाहींत, त्यानें उपचार नाकारण्याचा हक्क घेऊन काय करावें? हा आक्षेप वरवरचा नाहीं. उलट, ‘यापुढें उपचार नकोत’ असा कागद पुढें केला तर पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभा राहिलेला माणूस मनांत हेंच म्हणणार कीं, खाट मोकळी करण्याची ही नवी युक्ति दिसते. प्लेगच्या काळची भीति अजून गांवांच्या हाडीमांसीं आहे. तिला अडाणीपणा म्हणून हिणवणें सोपें, पण अन्यायाचें होईल.

अमेरिकेंतील एका समाजाचा अनुभव येथें उपयोगी पडेल. मेक्सिको, पोर्टो रिको, क्यूबा इत्यादि प्रदेशांतून आलेल्या लॅटिनो कुटुंबांत अशीं पत्रें करून ठेवणारांचें प्रमाण गोऱ्या अमेरिकनांच्या मानानें पुष्कळच कमी राहिलें. प्रत्येक रोग्यास हा हक्क रुग्णालयानें समजावून द्यावा असा कायदा तेथें १९९० सालींच झाला असूनही हें घडलें. कारणें शोधूं जातां तीं आमच्या ओळखीचींच निघतात : कागद परक्या भाषेंत, विम्याचा अभाव, रुग्णालयाविषयीं अविश्वास, आणि असे निर्णय एकट्यानें न घेतां साऱ्या घरानें मिळून घेण्याची रीत. तेथील कार्यकर्त्यांनीं यावर जो उपाय योजिला तोही ध्यानांत घेण्याजोगा आहे. त्याच वस्तींतल्या, तीच बोली बोलणाऱ्या ‘प्रोमोतोरा’ नांवाच्या आरोग्यसेविकांस त्यांनीं तयार केलें. त्या आधीं मधुमेह, रक्तदाब, बाळंतपण यांच्या निमित्तानें घरांत जातात, औषध मिळवून देण्यास धडपडतात, आणि ओळख पक्की झाल्यावर स्वयंपाकघरांत बसून साऱ्या कुटुंबासमोर अखेरच्या इच्छेची गोष्ट काढितात. अगोदर उपचाराची वाट, मागाहून निरोपाची. हा क्रम त्यांनीं सोडला नाहीं.

आमच्याकडे हें काम करूं शकतील अशा स्त्रिया गांवोगांव आहेत. २००५ सालीं सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानांतील ‘आशा’ सेविका त्या होत. त्यांच्यावर आधींच ओझें थोडें नाहीं; नवें काम द्यावयाचें तर त्याचा योग्य मोबदला व शिक्षण दोन्हीं दिलीं पाहिजेत, हें सांगणें नलगे. पण घराचा उंबरठा ओलांडण्याचा अधिकार त्यांनीं मिळविलेला आहे, आणि तो कोणत्याही सरकारी शिक्क्यानें मिळत नसतो.

आक्षेपाचें दुसरें उत्तर असें कीं, गरिबाचा शेवट दोन बाजूंनीं कुचंबतो. एकीकडे उपचाराअभावीं तो लवकर मरतो. दुसरीकडे मोठ्या शहरांतल्या अतिदक्षता विभागांत, आशा नसतांना, शेत गहाण टाकून आणि बायकोचे दागिने विकून, नातलगांस एकेक दिवस विकत घ्यावा लागतो. ‘थांबा’ म्हणण्याचें धैर्य मुलास होत नाहीं. बापाला मारल्याचा ठपका जन्मभर कोण डोक्यावर घेईल? बापानें स्वतः दोन ओळी लिहून ठेविल्या असत्या, तर तें ओझें मुलाच्या शिरावर पडलें नसतें. शिवाय त्या पत्रांत नकारच लिहावा असें नाहीं. ‘माझ्यावर शक्य ते सर्व उपचार करा’ असेंही लिहितां येतें. ‘वेदना होऊं देऊं नका’, ‘मला घरीं न्या’ असेंही लिहितां येतें.

वेदनेचा उल्लेख आला म्हणून सांगितलें पाहिजे कीं, समतेचा प्रश्न येथें सर्वांत तीव्र होतो. बरें न होणाऱ्या रोग्याच्या यातना हलक्या करणें ही आतां स्वतंत्र विद्या झाली आहे. डेम सिसिली साँडर्स यांनीं १९६७ सालीं लंडनांत तिचें पहिलें आधुनिक घर उघडलें, आणि भारतांतलें तसें पहिलें घर १९८६ सालीं मुंबईंत ‘शांति आवेदना सदन’ या नांवानें निघालें. परंतु १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें मॉर्फीनसारखें स्वस्त औषध परवान्यांच्या जाळ्यांत सांपडलें. २०१४ च्या दुरुस्तीनें तें सैल झालें तरी तालुक्याच्या गांवीं कर्करोगाच्या रोग्यास तें हातीं पडणें अजून सोपें नाहीं. राज्य सरकारची जी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुल्यांच्या नांवानें चालते, तिनें मोठ्या शस्त्रक्रियांचा भार पुष्कळ हलका केला. पण ज्यावर शस्त्रक्रिया उरलेली नाहीं अशा रोग्याच्या रात्री सुसह्य करणें हेंही उपचारच होत, ही दृष्टि आपल्या समाजांत रुजावयाची आहे. ती रुजल्यावांचून अखेरच्या इच्छेचें पत्र गरिबाच्या हातीं देणें म्हणजे त्यास पर्यायच न देतां निवड करावयास सांगणें होय.

कोल्हापुरांत एक गोष्ट फार चांगली आहे. पंचगंगेच्या कांठच्या स्मशानांत महापालिका दहनाचा खर्च घेत नाहीं, आणि होळीच्या सुमारास पेठापेठांतून लोक तेथें शेणी दान करितात. पैशांवांचून कोणाचें अखेरचें कार्य अडूं नये, हें या शहरानें आपसांत ठरवून टाकिलें आहे. त्या आधींच्या चार दिवसांविषयींही असेंच कांहीं ठरविण्याची वेळ आतां आली आहे. आमच्या वाचकवर्गांतील बहुतेक घरांत लिहितां-वाचतां येणारीं माणसें आहेत, नोटरीची ओळख आहे, डॉक्टर नात्यांत आहेत. त्यांनीं प्रथम आपल्या घरच्या वडील मंडळींस, अशुभ बोलूं नये हा संकोच बाजूस ठेवून, त्यांची इच्छा विचारावी व ती मराठींत लिहून घ्यावी. आणि मग तेवढ्यावर न थांबतां, घरीं धुणें-भांडीं करावयास येणाऱ्या बाईच्या घरींही अशी वेळ आली असतां तिच्या नवऱ्यास वेदनेवरचें औषध कोठें मिळतें, महापालिकेंत पत्र कोणापाशीं ठेवावयाचें, हें सांगावयास तिच्याबरोबर जावें.